कुऱ्हाड कुणाची

(दक्षिण पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातलं बुचाच्या ओकांचं रान. जून महिना, जेवणाची सुट्टी. टोळी लांब ट्रॅक्टरच्या सावलीला बसली आहे. इकडे एका सोललेल्या झाडापाशी दोघंच उभी : टोळीचा मुकादम बेल्मीरो, आणि कुऱ्हाडीने बुचाची साल सोलणारी ओतीलिया, वय सव्वीस. तिचा बाप झेफेरीनो याच टोळीत आहे. तो अजून इकडे आलेला नाही.)

बेल्मीरो : हे बघ. बोट घाल इथे. घाल की! बाहेरचं बूच काढायचं आणि आतल्या सालीला, आईला, ओरखडाही येऊ द्यायचा नाही. एवढंच तर काम आहे आपलं. आणि हे काय आहे? हे सोलणं आहे की लाकूडतोड?

ओतीलिया : मघाशी सगळ्यांसमोर सांगितलं ना. माझी कुऱ्हाड.

बेल्मीरो : एक झाड असतं तर मीही शिव्या घालून गप्प बसलो असतो. चार झाडं! चारही ठिकाणी कुऱ्हाड आईतून आरपार गेलीय. यातली दोन तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाळणार.

ओतीलिया : माहीत आहे मला.

बेल्मीरो : माझ्याकडे बघून बोल. बाप्तिस्म्याला तुला या हातांवर घेतलंय मी. पाद्र्याने डोक्यावर पाणी घातलं आणि तू माझ्या नव्या शर्टावर मुतलीस. मला थापा मारू नकोस.

ओतीलिया : थाप कसली? चुकलं माझं.

बेल्मीरो : कधी चुकलं? दहा वाजता मीच तुला हाक मारली, ओढ्याकाठच्या त्या थोराड झाडावर चढवलं, अंगाने हलकी म्हणून. बारापर्यंत तू वरच्या फांद्यांवर होतीस. ही चार झाडं तेवढ्याच वेळात सोललीत. बुंधे अजून पिवळे आहेत, तांबूससुद्धा झाले नाहीत.

ओतीलिया : मी मध्ये उतरले होते.

बेल्मीरो : कशाला?

ओतीलिया : पाणी प्यायला.

बेल्मीरो : वा. पाणी प्यायला उतरलीस, जाता जाता चार झाडं मारलीस आणि परत वर चढलीस. शाबास.

ओतीलिया : काका, तुम्हाला एक नाव हवं होतं, ते मी दिलं. आता ही उलटतपासणी कशाला?

बेल्मीरो : नाव नको होतं मला. खरं हवं होतं. तुझा घाव आखूड असतो, पोरी, जपून घातलेला. हा बघ, लांबलचक, डाव्या खांद्यावरून आलेला, मनगटाच्या झोकात मारलेला. बावीस वर्षं मी हा घाव बघतोय. नव्या पोरांना दाखवायचो, म्हणायचो, बघा रे, मारावं तर असं. आज तोच घाव चार बोटं जास्त आत गेलाय.

ओतीलिया : हळू बोला.

बेल्मीरो : का? झेफेरीनोला ऐकू जाईल म्हणून?

ओतीलिया : टोळी आहे तिकडे.

बेल्मीरो : टोळीचं सोड. मला एक सांग. तू बापाबरोबर झाडाला उभी राहिलीस की बुंध्यावर टाच आपटतेस. कधी एकदा, कधी दोनदा. दोन उन्हाळे मला वाटत होतं, पोरीला खोड आहे. आज तू फांदीवर आणि खाली हे असं झालं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोनदा म्हणजे काय?

ओतीलिया : काही नाही.

बेल्मीरो : दोनदा म्हणजे काय, ओतीलिया?

ओतीलिया : आवाज पोकळ येतोय. साल सुटतेय, मारा.

बेल्मीरो : आणि एकदा?

ओतीलिया : आवाज सुका आहे. थांबा.

बेल्मीरो : म्हणजे त्याला कुऱ्हाडीचा आवाज येत नाही.

ओतीलिया : डावा कान जाऊन पाच वर्षं झाली. उजवाही आता गेल्यातच जमा आहे. माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखतात, समोर उभं राहून मोठ्याने बोललं की भागतं. कुऱ्हाडीचे कुठे ओठ बघणार? म्हणून मी ठोकते, बुंध्याचा हादरा त्यांच्या हाताला कळतो.

बेल्मीरो : पाच वर्षं! आणि मी बैल, माझ्याच टोळीत! आधी कोण ठोकायचं?

ओतीलिया : आबीलियोमामा. त्यांचा गुडघा गेला म्हणून तर मी आले.

बेल्मीरो : आणि मी सगळ्यांशी भांडलो तुझ्यासाठी! बाईमाणसाच्या हातात कुऱ्हाड म्हणून आसपासची गावं हसली मला. मी म्हटलं, हसा लेको, पोरीला झाडांचं वेड आहे.

ओतीलिया : वेड आहेच. पहिल्या उन्हाळ्यात बाबांसाठी आले, खोटं कशाला बोलू? पण एके दिवशी अख्खी साल एका तुकड्यात सुटून माझ्या हातात आली. आतून ओली, गार. मी तशीच उभी राहिले ती घेऊन. बाबा हसले मला. त्या दिवसापासून मी माझ्यासाठी येते.

बेल्मीरो : लिस्बनच्या हॉटेलातली ती खुर्चीवरची नोकरी सोडलीस ना?

ओतीलिया : सोडली कसली, घेतलीच नाही. मुलाखतीला टाय लावलेला एक पोरगा होता. म्हणाला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, पाच वर्षांत तर बूच भरतच नाही, सोललेल्या झाडाला परत नऊ लागतात. नऊ वर्षांनी कुठे असेन ते विचारा, झाड दाखवून सांगते.

बेल्मीरो : असं म्हणालीस?

ओतीलिया : म्हणाले. ओढ्याकाठचं ते थोराड झाड मी परत सोलेन तेव्हा पस्तिशीची असेन. मग चव्वेचाळीस, मग त्रेपन्न, मग बासष्ट. आणखी चार भेटी. पाचव्याला दुसरं कुणी. लोकांना पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही, काका. माझं बासष्टपर्यंतचं ठरलेलं होतं.

बेल्मीरो : आणि ते सगळं मघाशी दोन शब्दांत घालवलंस. टोळीचा नियम ठाऊक आहे ना?

ओतीलिया : ज्याच्या कुऱ्हाडीने आईला जखम, त्याने त्या झाडाची पाळी परत येईपर्यंत कुऱ्हाड धरायची नाही.

बेल्मीरो : नऊ वर्षं. माझ्या आज्याने घातलेला नियम आहे. सख्ख्या भावाला घरी बसवलंय मी त्यापायी, अजून नाताळलासुद्धा बोलत नाही माझ्याशी. आणि आज संध्याकाळी मला बाकीच्या मुकादमांना फोन करावे लागतील. तेही मला करतात. उद्यापासून तेजो नदीच्या अलीकडे एकही टोळी तुला झाडाजवळ उभी करणार नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी पोरी यायच्या होत्या ना, तुझं बघून? त्यांना आता कुठल्या तोंडाने घेऊ? लोक म्हणतील, तेव्हाच सांगितलं होतं बेल्मीरोला.

ओतीलिया : ते नव्हतं आलं माझ्या डोक्यात.

बेल्मीरो : डोकं वापरलं कुठे होतंस? ऐक. तुला गावी सोडणारी गाडी तीनला सुटते. अजून वेळ आहे. झेफेरीनोला समोर उभा करतो, ओरडून विचारतो. तो हो म्हणाला की तुझा शब्द पुसला.

ओतीलिया : नको. पाया पडते तुमच्या.

बेल्मीरो : अगं, मघाशी त्याने आपण होऊन का नाही सांगितलं?

ओतीलिया : त्यांना ऐकूच आलं नाही, काका! तुम्ही टोळीच्या पुढे होतात, ते मागे, पाठ करून कुऱ्हाडीला धार लावत बसले होते. मी बघत होते ना त्यांच्याकडे. ऐकू आलं असतं तर ते गप्प बसले असते का? मान कापून दिली असती, पण दुसऱ्यावर आळ येऊ दिला नसता. माझा बाप आहे तो.

बेल्मीरो : हं.

ओतीलिया : हं काय? तुम्ही तर शाळेपासून ओळखता त्यांना.

बेल्मीरो : ओळखतो, म्हणूनच हं म्हटलं.

ओतीलिया : त्यांना कळलं तर ते सांगून टाकतील, आणि मग संपले ते. मामांचं बघितलंत ना? गुडघा गेल्यावर कॅफेसमोरच्या बाकावर बसायचे. पहिल्या हिवाळ्यात येणारा-जाणारा विचारायचा, काय आबीलियो, बरं आहे ना? दुसऱ्या हिवाळ्यात कुणी विचारेना. तो हिवाळा त्यांनी पुराही केला नाही. कसे गेले ते गावात कुणी तोंडावर आणत नाही, पण ते गेले त्या दिवशी दार तुम्हीच फोडलंत.

बेल्मीरो : त्या दाराचं नको काढूस.

ओतीलिया : बाबा एकसष्टचे आहेत. बाराव्या वर्षापासून याशिवाय दुसरं काही केलं नाही. घरी चहाचा कप कुठे ठेवतात ते माहीत नाही त्यांना. मी काय, कुठेतरी फरशा पुसेन.

बेल्मीरो : बरं, तू गेलीस. उद्या सकाळी त्याचा कान कोण होणार? दुपारपर्यंत आणखी चार झाडं मारेल.

ओतीलिया : तुम्ही.

बेल्मीरो : मी?

ओतीलिया : तुम्ही उभे राहा त्यांच्याबरोबर. दोनदा म्हणजे मारा, एकदा म्हणजे थांबा. सोपं आहे.

बेल्मीरो : या रानाचे अकरा दिवस उरलेत. पुढचं रान दुसऱ्या मालकाचं, तिथे त्याची माणसं, त्याचा मुकादम. तिथे मी झेफेरीनोला नेऊ शकत नाही, आणि बहिऱ्याच्या हातात कुऱ्हाड देऊन गप्पही बसणार नाही. अकरा दिवस, पोरी! नऊ वर्षं देऊन अकरा दिवस घेतेयस. बाजारात असा सौदा करणाऱ्याला पोरं दगड मारतील.

ओतीलिया : द्या ते अकरा दिवस. शेवटच्या दिवशी कोकरू भाजा, वाइन पाजा, चार शब्द बोला. म्हणा, आता दमलास, बस घरी. आपण होऊन कुऱ्हाड ठेवली असं वाटू दे त्यांना. हाकलला असं नको.

बेल्मीरो : आणि तेवढ्याने तो बाकावर बसणार नाही?

ओतीलिया : बसतील. पण मान वर करून बसतील.

बेल्मीरो : आलाच बघ. डोळे पूस.

झेफेरीनो : काय रे, कबुलीजबाब चाललाय का? पाद्र्याला बोलावू? तिकडे गार सूप ऊन झालं, आणि ऊन झालेलं गार सूप डुकरंसुद्धा तोंडात घेत नाहीत!

बेल्मीरो : झेफेरीनो, माझ्याकडे बघ. तुला मला काही सांगायचंय का?

झेफेरीनो : सांगायचंय ना! त्या ट्रॅक्टरवाल्याला जरा शिकव. पाण्याचे कॅन उन्हात ठेवतो गाढव.

बेल्मीरो : आणखी काही?

झेफेरीनो : आणखी काय असणार?

बेल्मीरो : नीट आठव. मला घाई नाही.

झेफेरीनो : आठवायला मी काय परीक्षेला बसलोय? तू जेवलास की नाही? तुझं डोकं उन्हाने तापलंय.

बेल्मीरो : तापलंय खरं. बरं. तीनपर्यंत ट्रॅक्टरपाशीच आहे मी. दोघंही ऐका. तीनपर्यंत.

झेफेरीनो : गेला. मुकादम झाल्यापासून हा माणूस हसायचा विसरला. घे, ब्रेड आणलाय तुला. आत सॉसेज आहे, लसूण घातलेलं. आबीलियोच्या बायकोने दिलंय.

ओतीलिया : भूक नाही.

झेफेरीनो : काय?

ओतीलिया : भूक नाही म्हटलं!

झेफेरीनो : उन्हात कुणालाच भूक नसते. तरी खायचं असतं. बरं, ती तुझी मावसबहीण काय म्हणत होती लक्झेंबर्गची?

ओतीलिया : ते आत्ता कुठे आठवलं?

झेफेरीनो : सहज. वृद्धाश्रमात काम आहे म्हणालीस ना? डोक्यावर छप्पर, हिवाळ्यात ऊब, आजारी पडलं तर घरी बसून पगार. वाईट काय आहे त्यात?

ओतीलिया : पाद्र्यापेक्षा मोठं प्रवचन देऊन तुम्हीच नको म्हणाला होतात.

झेफेरीनो : तेव्हा म्हणालो. माणसाने एकदा म्हटलं म्हणजे दगडावरची रेघ झाली का? हे तरी काय काम आहे? उन्हाळ्याचे तीन महिने कंबर मोडायची आणि उरलेले नऊ आभाळाकडे बघत बसायचं. त्यात झाडं वाळत चाललीत. माझ्या लहानपणी या रानात ट्रॅक्टर वळायला जागा नसायची. आता लग्नाची वरात नाचत जाईल मधून. तुझ्या जागी मी असतो तर केव्हाच गेलो असतो.

ओतीलिया : रविवारी कॅफेत बोटं मोजून कोण सांगत होतं, माझी पोरगी या झाडांना आणखी चार वेळा भेटणार? तो कॅफेवाला दुसऱ्यांदा ऐकत होता बिचारा.

झेफेरीनो : वाइन बोलत होती.

ओतीलिया : काल रात्री वाइन नव्हती. माझ्या कुऱ्हाडीला नवा दांडा घालत होतात, आणि गुणगुणत होतात.

झेफेरीनो : तो दांडा राहील की. दांडा काही कुजत नाही. जाऊन ये म्हणतो मी. नऊ वर्षं म्हणजे काय जन्म आहे का? पस्तिशीचं माणूस जवानच असतं.

ओतीलिया : नऊ वर्षं कोण म्हणालं?

झेफेरीनो : हां?

ओतीलिया : खाली बघू नका. माझ्याकडे बघा. नऊ वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. काका आत्ताच तर गेले, त्यांनीही नाही.

झेफेरीनो : तो ट्रॅक्टरवाला म्हणाला असेल.

ओतीलिया : गेल्या वर्षी भांडल्यापासून ट्रॅक्टरवाला तुमच्याशी बोलतच नाही.

झेफेरीनो : ब्रेड घे. माश्या बसतायत.

ओतीलिया : बाबा, काकांनी टोळीला विचारलं, कुऱ्हाड कुणाची? ते ऐकू आलं होतं तुम्हाला?

झेफेरीनो : घे ना गं ब्रेड.

ओतीलिया : आलं होतं का ऐकू?

झेफेरीनो : बेल्मीरोचा आवाज मेलेल्या माणसालाही ऐकू येईल.

ओतीलिया : आणि मी काय म्हणाले ते?

झेफेरीनो : तुझा आवाज नाही आला. पण मान वळवून बघितलं तर सगळी टोळी तुझ्याकडे बघत होती. कळलं मला.

ओतीलिया : मी थांबले होते. काकांनी तीनदा विचारलं, तीनदा मी तुमच्या पाठीकडे बघत थांबले. मग मला वाटलं, यांना ऐकूच येत नाहीये. म्हणून बोलले मी. आत्ता, याच झाडापाशी, मी काकांसमोर तुमच्यासाठी शपथा घेत होते.

झेफेरीनो : उठणार होतो मी. देवाशपथ उठणार होतो. धारेचा दगड खाली ठेवला. मग म्हटलं, एक क्षण थांबावं. ओतीलिया बोलेल. आणि तू बोललीस. आणि पोरी, मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं. लाज मागून आली.

ओतीलिया : एवढं खरं कशाला सांगता?

झेफेरीनो : तुझ्याशी खोटं बोलता येत नाही. तू समोर उभी राहून बोलतेस. मला भीती वाटते गं. सकाळी उठायचं आणि कुठे जायचं नाही. आबीलियो त्या बाकावरून मला हात करायचा, आणि मी ट्रॅक्टरवर बसून खुशाल पुढे जायचो. थांबलो नाही एकदाही. त्याने माझं सगळं झाकलं, आणि मी थांबलो नाही.

ओतीलिया : रडू नका. लोक बघतायत.

झेफेरीनो : आत्ता जातो. बेल्मीरोला सांगतो, माझी कुऱ्हाड. अजून तीन वाजले नाहीत ना?

ओतीलिया : सव्वादोन झालेत.

झेफेरीनो : मग जातोच.

ओतीलिया : जा.

झेफेरीनो : सगळ्यांसमोर सांगतो. कानाचंही सांगतो.

ओतीलिया : बाबा, जा ना मग.

झेफेरीनो : ऊन जरा कलू दे.

ओतीलिया : जूनमध्ये तीनच्या आत ऊन कलत नाही.

झेफेरीनो : माहीत आहे. बसलोय तसा बसू दे थोडा. पाय उचलत नाहीये.

ओतीलिया : हात देऊ?

झेफेरीनो : नको. ओतीलिया, हे रान तेवढं संपू दे. या रानात माझा बाप होता, त्याचा बाप होता. अकरा दिवस तर उरलेत. शेवटच्या दिवशी सगळे जमतील, तेव्हा उभा राहून सांगतो. माझ्या पोरीने काही केलं नाही म्हणून सांगतो.

ओतीलिया : काकांचे फोन आज संध्याकाळीच होतील.

झेफेरीनो : तरी सांगेन.

ओतीलिया : सांगा. मी इथे नसेन, पण सांगा.